मायक्रोस्कोप स्लाइडमधल्या तड्याचा वेग: तेच वजन, तरी दोन स्लाइडमध्ये दहा-पंधरा पटींचा फरक का?

काच_प्रकल्प (प्रश्न)

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सोडा-लाइम (म्हणजे खिडक्या-बाटल्यांच्या साध्या) काचेतला तडा स्थिर भाराखाली किती हळू वाढतो ते मोजतो आहे. पद्धत डबल टॉर्शनची, म्हणजे खाचेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या भाराने पिळून तडा पुढे न्यायचा. मांडणी अशी:

नमुना म्हणून ७५ × २५ मिमीच्या साध्या मायक्रोस्कोप स्लाइड. एका आखूड कडेपासून मधोमध १० मिमी लांबीची खाच, ०.३ मिमीच्या डायमंड चकतीने पाण्याखाली कापलेली. स्लाइड लांबीच्या दिशेने दोन समांतर रुळांवर ठेवली आहे, रुळांतलं अंतर २० मिमी. खाचेच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना एकेक पोलादी गोळी, दोन गोळ्यांतलं अंतर ४ मिमी. गोळ्यांवर छोटा पूल आणि पुलाला खाली टांगलेलं पारडं. तड्याचं टोक ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने वाचतो, लघुतम माप ०.०१ मिमी. खोलीतली आर्द्रता ५५ ते ६० टक्के.

अडचणी चार आहेत.

१. पारडं धरून ५०० ग्रॅमला एका स्लाइडमध्ये तडा मिनिटाला साधारण ०.४ मिमी सरकतो, त्याच पेटीतल्या दुसऱ्या स्लाइडमध्ये ०.०३ मिमी. गणितात जाडी पेटीवर छापल्याप्रमाणे १ मिमी धरली आहे.

२. ३५० ग्रॅमला तासभर काहीच हालचाल दिसत नाही. ज्याखाली तडा वाढतच नाही तो थ्रेशोल्ड हाच समजायचा का?

३. संध्याकाळी भार काढून ठेवला आणि सकाळी तेवढाच पुन्हा चढवला, तर तडा काही वेळ जागचा हलत नाही आणि मग एकदम धावतो.

४. काही स्लाइडमध्ये तडा मधली रेष सोडून कडेकडे वळतो.

पाण्यामुळे काचेचा तडा वाढतो हे वाचलं आहे, पण आर्द्रतेत ५ टक्क्यांचा फरक पडून वेग दहा पटींनी बदलेल असं वाटत नाही. मायक्रोस्कोप कमी पडतोय का?

---

मायक्रोमीटर

मायक्रोस्कोपकडे नंतर बघू. आधी स्लाइडची जाडी मोजा. पेटीवर १ मिमी छापलेलं असलं तरी बाजारातल्या स्लाइड १.० ते १.२ मिमीच्या असतात, आणि या प्रयोगात सगळा घोटाळा तिथेच होतो.

सूत्र एकदा समोर मांडतो. तड्याच्या टोकाशी असलेला ताण-तीव्रता गुणांक (टोकाशी ताण किती एकवटतो याचं माप), म्हणजे के:

के = भार × भुजा × √[ ३ × (१ + पॉइसन गुणोत्तर) ÷ (रुंदी × जाडीचा घन × तड्याच्या रेषेवरची जाडी × सुधारणा-गुणक) ]

भुजा म्हणजे रूळ आणि गोळी यांच्यातलं आडवं अंतर. तुमच्याकडे (२० − ४) ÷ २ = ८ मिमी. पॉइसन गुणोत्तर (ताणल्यावर काच आडवी किती आकसते ते) ०.२२. २५ मिमी रुंद आणि १ मिमी जाड पट्टीसाठी सुधारणा-गुणक ०.९५ येतो. तुम्ही मधोमध चर कोरलेला नाही, म्हणून तड्याच्या रेषेवरची जाडी म्हणजे स्लाइडचीच जाडी. हे सगळं घातलं की १ मिमी जाडीला दर न्यूटनमागे के ०.०९९ मिळतो (एकक मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर, पुढे नुसता आकडा लिहितो). दर १०० ग्रॅमला ०.०९७. म्हणजे ५०० ग्रॅमला के ०.४९. सोडा-लाइम काच ०.७५ च्या आसपास तडकाफडकी फुटते, तेव्हा ७७० ग्रॅमच्या पुढे स्लाइड टिकणार नाही. हा ताळा करून बघा. तुमच्या स्लाइड फार वेगळ्या वजनाला फुटत असतील तर मांडणीत काहीतरी चुकतंय.

काही ठिकाणी सूत्रात (१ + पॉइसन) च्या जागी १ ÷ (१ − पॉइसन) दिसेल. उत्तरात अडीच टक्क्यांचा फरक पडतो. कुठलंही एक वापरा, पण कुठलं वापरलं ते अहवालात लिहा.

आता जाडी पाहा. वर्गमुळाखाली जाडीचा एकूण चौथा घात आहे, म्हणून के जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. आणि वेग के च्या साधारण अठराव्या घाताने बदलतो. या काचेत हा घातांक, ज्याला आपण 'एन' म्हणतो, १६ ते २० च्या दरम्यान सापडतो. दोन्ही एकत्र केले तर वेग जाडीच्या छत्तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात जातो! एक स्लाइड १.०२ आणि दुसरी १.१० मिमी असेल तर के मध्ये १६ टक्के फरक आणि वेगात १५ पट. तुमचा पहिला प्रश्न बहुधा इथेच सुटतो.

भारालाही हेच लागू. वजनात १ टक्का चूक म्हणजे वेगात २० टक्के, २ टक्के म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त, १० टक्के म्हणजे साडेपाच पट. पारडं, हुक, पूल, गोळ्या सगळं तराजूवर तोलून भारात धरा. पुलाची बैठक घासत असेल तर तेवढा भार काचेपर्यंत पोचतच नाही. उलट तड्याची लांबी वाचताना २ टक्के चूक झाली तर वेगात २ टक्केच चूक. म्हणून माझा आग्रह असा की अर्धा वेळ मायक्रोमीटर आणि तराजूवर घालवा, मायक्रोस्कोपवर कमी.

करायचं ते असं:

जाडी ०.००१ मिमीच्या मायक्रोमीटरने, खाचेच्या टोकापासून दुसऱ्या कडेपर्यंत मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दर १० मिमीला मोजा. लांबीभर ०.०१ मिमीपेक्षा जास्त फरक असेल ती स्लाइड बाजूला काढा. प्रत्येक स्लाइडवर काचेच्या पेन्सिलीने क्रमांक घाला आणि के प्रत्येकीचा वेगळा काढा.

तडा सुरू करताना खाचेच्या टोकाशी खालच्या बाजूने कार्बाइडच्या टोकाने एक हलकी रेघ ओढा आणि तिथे पाण्याचा थेंब सोडा. ओल असली की तडा कमी भाराला निघतो आणि निघताना लांब उडी मारत नाही. पारड्याखाली लॅब जॅक (वर-खाली होणारा छोटा मंच) ठेवून वजन जॅकनेच सावकाश उतरवा. हाताने सोडलेल्या वजनाचा धक्का क्षणभर दुप्पट भारासारखा बसतो. तडा निघाला की लगेच जॅक वर घ्या. के ०.६ च्या पुढे पाण्यात तडा सेकंदाला मिलिमीटरच्या आसपास धावतो, स्लाइड मिनिटभरात संपते.

वाचन फक्त मधल्या पट्ट्यात करा. के तड्याच्या लांबीवर अवलंबून नसतो हे या पद्धतीचं मोठं सुख आहे, पण ते दोन्ही टोकांजवळ खरं नाही. २५ मिमी रुंदीला गोळ्यांच्या बाजूने पहिले १५ मिमी आणि पलीकडच्या कडेचे शेवटचे १७ मिमी सोडा. खात्रीसाठी एकाच वजनाला २०, ३०, ४० आणि ५० मिमीवर वेग काढा. चारही सारखे यायला हवेत. सतत वाढत किंवा घटत गेले तर स्लाइड पाचरीसारखी निमुळती आहे.

आणखी एक सुधारणा बरेच जण विसरतात. डबल टॉर्शनमध्ये तड्याची आघाडी सरळ उभी नसते. खालच्या, ताणलेल्या पृष्ठावर ती पुढे असते आणि वरच्या बाजूला मागे रेंगाळते. तुम्ही मोजता तो खालच्या टोकाचा वेग. आघाडीला लंब असा खरा वेग त्याहून कमी असतो: मोजलेला वेग × जाडी ÷ √(मागे राहिलेलं अंतराचा वर्ग + जाडीचा वर्ग). अंतर जाडीच्या पाचपट असेल तर हा गुणक ०.२ येतो. काच पारदर्शक आहे, तेव्हा तिरपा प्रकाश टाकून वरून फोटो काढला की आघाडीची चकाकणारी वक्र रेघ दिसते. अंतर त्यावरून मोजा, गृहीत धरू नका. ही सुधारणा सगळ्या वेगांना जवळपास सारखी लागते, म्हणून एन बदलत नाही, पण दुसऱ्यांच्या आलेखाशी तुलना करताना आकडे पाचपट चुकलेले दिसतात.

तडा वळण्याबद्दल: सगळ्या स्लाइडमध्ये एकाच बाजूला वळत असेल तर दोष मांडणीचा आहे. पूल मधोमध नाही किंवा एक रूळ वर आहे. कधी या बाजूला, कधी त्या बाजूला वळत असेल तर खाच मध्यावर नाही किंवा स्लाइड आडवी पाचरीची आहे. पुलावरचा भार एकाच गोळीतून द्या, म्हणजे पूल आपोआप झुकून दोन्ही बाजूंना सारखा भार वाटतो. चर कोरून तड्याला वाट दाखवायचा मोह होईल. तो टाळा. चराच्या कडांना बारीक तडे पडतात आणि चराची खोली मोजण्यातली चूक थेट के मध्ये येते.

---

दमट_हवा

मायक्रोमीटर यांच्याशी सहमत. पण आर्द्रता आणि तापमान यांना मोकळं सोडू नका, कारण जाडीचा घोळ निस्तरल्यावर उरलेला पसारा त्यांचाच असतो.

तड्याच्या टोकाशी ताणलेल्या सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन बंधावर पाण्याचा रेणू चढतो आणि बंध तुटून दोन्ही बाजूंना हायड्रॉक्सिल गट बसतात. मिचाल्स्के आणि फ्रीमन या संशोधकांनी १९८२ साली मांडलेलं हे चित्र आजही पायाभूत मानलं जातं. त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, वीडरहॉर्न यांनी आर्द्रता बदलत बदलत मोजलेल्या आलेखात तीन टप्पे स्पष्ट दिसले. पहिल्या टप्प्यात वेग के बरोबर झपाट्याने वाढतो आणि आर्द्रतेच्या साधारण प्रमाणात असतो. दुसऱ्यात आलेख जवळपास आडवा होतो, कारण तडा इतका वेगाने पळतो की पाण्याची वाफ टोकापर्यंत वेळेवर पोचत नाही. तिसऱ्यात पाण्याचा संबंधच सुटतो. तुम्हाला पहिला टप्पा हवा आहे.

त्या हिशेबाने ५५ वरून ६० टक्के म्हणजे वेगात ९ टक्के फरक. तुमचा अंदाज बरोबर आहे, दहा पटींचं कारण हे नाही. पण पुण्यासारख्या ठिकाणी एप्रिलच्या दुपारी खोलीत २०-२५ टक्के आणि जुलैत ८० च्या वर असते. उन्हाळ्यात घेतलेलं वाचन आणि पावसाळ्यातलं वाचन एकाच आलेखात टाकलं तर त्यांच्यात तीन-चार पटींची दरी राहील.

उपाय स्वस्त आहे. सगळी मांडणी अॅक्रिलिकच्या पेटीत घ्या आणि पसरट ताटलीत मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा. २५ अंशाला साधं मीठ ७५ टक्के देतं, मॅग्नेशियम क्लोराइड ३३, लिथियम क्लोराइड ११, पोटॅशियम सल्फेट ९७. ताटलीत न विरघळलेले खडे दिसत राहिले पाहिजेत. नुसतं पाणी दिसू लागलं की आकडा ढळला समजा. आत एक छोटा पंखा ठेवा, पण त्याची थरथर मांडणीला लागू देऊ नका. दार उघडल्यावर दोन तास थांबा. पारड्याची दोरी पेटीच्या तळातून जाते तिथलं भोक जितकं लहान तितकं बरं.

यापेक्षाही सोपं म्हणजे सरळ पाण्यात मोजा. खालच्या पृष्ठाला तड्याच्या रेषेवर ओला टिपकागद लावून ठेवला तरी चालतं. आर्द्रतेचा प्रश्नच संपतो आणि पहिला टप्पा बऱ्याच वरच्या वेगापर्यंत पसरतो.

तापमानासाठी एक आकडा लक्षात ठेवा. सोडा-लाइम काचेच्या पाण्यातल्या वाढीसाठी वीडरहॉर्न आणि बोल्झ यांनी १९७० मध्ये दिलेलं समीकरण असं: वेगाचा नैसर्गिक लॉग = १०.३ + (−१०८.८ + ११० × के) ÷ (८.३१४ × केल्विन तापमान ÷ १०००). वेग मीटर प्रति सेकंद, ऊर्जा किलोज्यूल प्रति मोल. के ०.४ ला यातून दर अंशामागे वेग ९ टक्क्यांनी वाढतो असं निघतं. दुपारी आणि पहाटे खोलीत ५ अंशांचा फरक असेल तर दीडपटीहून जास्त. हॅलोजन दिवा जवळ ठेवून वाचन घेत असाल तर तो काढा आणि एलईडी लावा.

एक सावधगिरी. स्लाइड पुसायला अल्कोहोल किंवा अॅसिटोन वापरा, पण तडा निघण्याआधी. एकदा तडा उघडला की द्रव फटीत ओढला जातो आणि तिथेच राहतो. मग वेग ठरतो तो त्या द्रवात विरघळलेल्या पाण्यावर, पेटीतल्या आर्द्रतेवर नाही. 'कोरडं' म्हणून पॅराफिन तेल लावणाऱ्यांचंही हेच होतं. तेलात पाणी असतंच.

---

काच_प्रकल्प

दोघांचेही आभार. मोजून पाहिलं. वेगवान स्लाइड १.०२ मिमी, सावकाश स्लाइड १.१० मिमी. लांबीभर फरक दोन्हींत ०.०१ च्या आत आहे. म्हणजे त्याच ५०० ग्रॅमला के अनुक्रमे ०.४७ आणि ०.४०.

आता प्रश्न २ आणि ३ उरले. कमी के कडे किती खाली जाता येईल? आणि आलेखाचा उतार, म्हणजे एन, फक्त डबल टॉर्शनवरून काढलेला चालेल की नमुने मोडून ताकद मोजण्याची पद्धतही जोडावी?

---

सावकाश_तडा

तुमच्या या दोन आकड्यांवरूनच एन काढला तर १७ च्या आसपास येतो. दोन बिंदूंच्या उतारावर विसंबू नका, पण गाडी रुळावर आली आहे.

३५० ग्रॅमला थ्रेशोल्ड म्हणू नका. १.०५ मिमीच्या स्लाइडला ३५० ग्रॅम म्हणजे के ०.३१. वर दिलेल्या समीकरणातून आणि तुमच्या आर्द्रतेवरून खालच्या पृष्ठावरचं टोक तासाला जेमतेम ०.०२ मिमी सरकेल. तुमच्या मायक्रोस्कोपच्या व्हर्नियर पट्टीवर ती दोन घरं झाली. तासाभरात ती दिसली नाहीत, एवढंच तुम्ही म्हणू शकता. संध्याकाळी वाचन घ्या, सकाळी पुन्हा घ्या. चौदा तासांत ०.३ मिमी मिळेल आणि तेवढं तुमचा मायक्रोस्कोप नीट वाचतो. फक्त त्या चौदा तासांत तापमान नोंदवत राहा.

रात्रभराच्या वाचनात घात करते ती मायक्रोस्कोपची बैठक, तिची जागा सरकते. म्हणून टोकाची जागा बैठकीपासून मोजू नका. स्लाइडवर वरच्या बाजूने, तड्याच्या रेषेपासून ३-४ मिमी दूर मार्कर पेनाने एक बारीक ठिपका द्या आणि दोन्ही वेळा ठिपका ते टोक हे अंतर वाचा. डायमंडने ओरखडा काढू नका, त्यातून नवा तडा निघू शकतो. टोकावर प्रकाश नेहमी एकाच कोनातून यायला हवा. तड्याच्या अगदी टोकाशी फट इतकी अरुंद असते की तिथून प्रकाश परावर्तित होत नाही, त्यामुळे दिसणारं टोक खऱ्या टोकाच्या किंचित मागे असतं. कोन तोच ठेवला की हा मागेपणा दोन्ही वाचनांत सारखा राहतो आणि वजाबाकीत जातो.

खरा थ्रेशोल्ड सोडा-लाइम काचेत पाण्यात ०.२५ च्या आसपास सापडतो. तुमच्या १.०५ मिमीच्या स्लाइडला ते २८० ग्रॅमच्या जवळ येतं. तिथे समीकरणाप्रमाणे पाण्यात दिवसाला ०.०७ मिमी वाढ अपेक्षित आहे. तीन-चार दिवस ठेवून त्यातलं काहीच दिसलं नाही, तरच 'वाढ समीकरणापेक्षा खाली पडली' असं म्हणता येतं. प्रकल्पाच्या अहवालात 'अमुक के ला वेग अमुक आकड्यापेक्षा कमी' असं लिहिणं हेच प्रामाणिक.

सकाळी तडा अडून बसतो त्याचं कारण थ्रेशोल्डशीच जोडलेलं आहे. थ्रेशोल्डखाली तडा थांबला तरी टोकाशी पाण्याचं काम चालूच असतं. काचेतला सोडियम पाण्यात उतरतो, त्याच्या जागी हायड्रोजन येतो, फटीतलं पाणी अल्कधर्मी होत जातं आणि टोकाजवळच्या काचेची घडण बदलते. टोक बोथट होतं की त्याभोवती दाबाचा थर तयार होतो, यावर बरेच वाद झाले. पण परिणाम ठाम आहे: थांबलेल्या तड्याला पुन्हा हलायला वेळ लागतो, आणि बदललेला भाग ओलांडला की तो नेहमीच्या वेगाने पळतो. तुम्ही भार पूर्ण काढता तेव्हा फटीच्या भिंतीही एकमेकींना टेकतात, ते वेगळंच.

तेव्हा क्रम बदला. नव्या तड्याला ५०० ग्रॅमला चालता करा, मग २५-२५ ग्रॅमने उतरत जा आणि प्रत्येक पायरीला तडा चालू स्थितीत वाचा. वरच्या वेगांना दोन मिमी वाढ पुरे, खालच्यांना ०.३ मिमीवर भागवा. मधे भार काढू नका. शेवटी एकदा ४५० ग्रॅमवर परत येऊन तिथलं आधीचं वाचन पुन्हा मिळतं का पाहा. मिळालं तर मधल्या सगळ्या पायऱ्यांवर भरवसा ठेवता येतो. भार काढावाच लागला तर पुढचं पहिलं १ मिमी वाचनातून वगळा.

याहून खाली, सेकंदाला नॅनोमीटरचे काही अंश असे वेग मोजणारे लोक डबल टॉर्शन सोडून देतात. ते ४ × ४ × ४० मिमीची काचेची कांडी घेतात, मधोमध आरपार १ मिमीचं भोक पाडतात आणि कांडी लांबीच्या दिशेने दाबतात. भोकाच्या वर आणि खाली एकेक तडा निघतो, आणि तडा वाढेल तसा के घटत जातो, म्हणून तो आपोआप मंदावतो. बाजूच्या गुळगुळीत पृष्ठावर टोक अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने पाहता येतं. पण तडा ५ मिमीचा असताना के ०.४ हवा असेल तर कांडीवर पावणेदोन किलोन्यूटन दाब लागतो आणि दोन्ही टोकं काटेकोर समांतर घासलेली हवीत, नाहीतर एक तडा पुढे आणि दुसरा मागे राहतो. तुमच्या पारड्याच्या मांडणीत हे बसणार नाही.

---

दर्शनी_काच

उतार दुसऱ्या पद्धतीने पडताळायचा असेल तर नमुने मोडण्याची पद्धत जरूर करा, पण तिच्यातला सापळा आधी ओळखा.

तत्त्व सोपं. ताण जितका सावकाश वाढवाल तितका तड्याला वाढायला जास्त वेळ मिळतो आणि काच कमी ताणाला मोडते. ताकद ही ताणवाढीच्या दराच्या १ ÷ (एन + १) या घाताने बदलते. एन १८ असेल तर दर दहापट केला की ताकद फक्त १३ टक्क्यांनी वाढते. आणि जशा आल्या तशा स्लाइडच्या ताकदीतला पसारा सहज २० टक्क्यांच्या घरात असतो, कारण प्रत्येकीवरचे ओरखडे वेगळे. दहा-बारा नमुन्यांत हे १३ टक्के हरवून जातात. म्हणून दर निदान चार घ्या, पहिल्या आणि शेवटच्या दरात हजारपट अंतर ठेवा आणि प्रत्येक दराला दहा नमुने हा अगदी किमान आकडा समजा.

पसारा कमी करायला लोक प्रत्येक नमुन्यावर व्हिकर्सच्या (कडकपणा मोजायच्या, पिरॅमिडसारख्या) हिऱ्याच्या टोकाने १ किलोचा ठसा उमटवतात, म्हणजे सगळ्यांत सारखाच तडा. पसारा खरोखर कमी होतो. पण ठशाखाली अडकलेला अवशिष्ट ताण तड्याला आतून उघडत राहतो, त्यामुळे मिळणारा घातांक खरा नसतो. तो (३ × एन + २) ÷ ४ इतका दिसतो. खरा १८ असेल तर आलेखातून १४ निघेल. डबल टॉर्शनमधून १८ आणि इथून १४ आले तर दोन्ही प्रयोग बरोबर असू शकतात. रूपांतर न करता तुलना केली की विनाकारण काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. शिवाय ठसा उमटवल्यावर तडे हवेतच वाढत राहतात, म्हणून ठसा आणि मोडणी यांतला वेळ सगळ्या नमुन्यांना सारखा ठेवा. मी चोवीस तास सुचवेन, कारण तोवर ती वाढ बरीच मंदावते.

हा घातांक बाहेर कुठे लागतो ते सांगतो, अहवालात कामी येईल. इमारतीच्या काचेच्या गणितात एन १६ धरतात. युरोपीय पद्धतीत भाराच्या कालावधीचा गुणक ०.६६३ × (तासांतला वेळ) चा −१/१६ घात असा थेट त्यातूनच येतो. ३ सेकंदांच्या वाऱ्याच्या झोताला जी साधी काच १०० एकक ताण घेते, ती महिनाभर टिकणाऱ्या भाराला ४३ च घेऊ शकते. माशांची टाकी, काचेची फळी, पायाखालची काच यांना अर्ध्याहून कमी ताण का देतात ते यावरून दिसतं. टफन केलेल्या काचेत पृष्ठ दाबाखाली असतं, तो दाब ओलांडेपर्यंत तड्याचं टोक उघडतच नाही, म्हणून तिचा गुणक निराळा. आणि म्हणूनच तुमच्या प्रयोगात टफन काच चालणार नाही. खाच कापायला गेलात की तुकडे होतील.

तुमच्या स्लाइडमध्येही थोडा ताण उरलेला असू शकतो. दोन पोलराइड (प्रकाश एकाच दिशेत कंप पावू देणाऱ्या पट्ट्या) आडवे-उभे धरून मधे स्लाइड ठेवा. कडेला किंवा मध्यावर उजळ पट्टे दिसले तर ५५० अंशाला अर्धा तास ठेवून मिनिटाला १ अंशाने ४५० पर्यंत उतरवा, पुढे भट्टी बंद करून आपोआप थंड होऊ द्या. खाच कापल्यानंतर आणि तडा काढण्याआधी हे करा. स्लाइड सपाट सिरॅमिकवर ठेवा, नाहीतर ती वाकते आणि दोन्ही रुळांवर सारखी बसत नाही. स्लाइड फ्लोट काचेच्या (वितळलेल्या टिनवर तरंगवून बनवलेल्या) असतील तर एक बाजू टिनची असते. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली ती दुधट चमकते. सगळ्या स्लाइडची तीच बाजू खाली ठेवा आणि दिव्याकडे बघताना चष्मा लावा.

---

मायक्रोमीटर

एक जोडतो. आलेख काढताना के आणि वेग दोन्हींचा लॉग घेऊन सरळ रेष टाका, पण के ०.३५ ते ०.५० मधलेच बिंदू घ्या. त्यावर तडा इतका पळतो की वाचन घाईत होतं. हवेत मोजत असाल तर तिथून आलेख आडवा व्हायलाही लागतो, आणि ते बिंदू घेतले की एन खोटाच कमी येतो. प्रत्येक स्लाइडची रेष वेगळी काढा. रेषा एकमेकींना समांतर पण डावी-उजवीकडे सरकलेल्या दिसल्या तर जाडी किंवा भुजा अजून चुकते आहे. उतारच वेगळे आले तर आर्द्रता किंवा तापमान मधेच बदललं. भुजा मोजायची राहून जाते हेही सांगून ठेवतो: रुळांतलं अंतर २० मिमी म्हणजे काच जिथे टेकते त्या रेषांमधलं, रुळांच्या बाहेरच्या कडांमधलं नव्हे. तिथे अर्ध्या मिमीची चूक झाली की भुजेत ०.२५ मिमी, म्हणजे के मध्ये ३ टक्के आणि वेगात जवळजवळ ७५ टक्के चूक.